ताम्हण्यांचा मागचा टायर

संध्याकाळी मोटारसायकल अंगणात लावली की ताम्हणे शर्टाच्या खिशातून खडू काढायचे आणि मागच्या टायरवरून खाली फरशीपर्यंत एक सरळ रेघ ओढायचे. अर्धी रेघ रबरावर, अर्धी फरशीवर. सकाळी उठले की चूळ भरायच्या आधी लेंगा सावरत गाडीमागे उकिडवे बसायचे आणि दोन्ही रेघा एकमेकींना भेटतायत का ते बघायचे. भेटल्या, तर स्वारी दात घासायला मोकळी. नाही भेटल्या, तर रात्रीत कुणीतरी गाडी हलवली, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुधा मी. कारण आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून, आणि अंगण दोघांत एकच.

एकदा खरंच नाही भेटल्या. मी चहाचा कप तोंडाला लावतोय तोच हे दारात.

"कारखानदार, काल रात्री माझी गाडी कुणी हलवली?"

"मला काय माहीत? मी काय तुमच्या गाडीला राखण बसलोय?"

"मी साधं विचारलं. तुम्ही एवढे उसळलात. यात काहीतरी गोम आहे."

कारखानदार म्हणजे मी. नाव मोठं नि लक्षण खोटं. पेणात ज्याच्याकडे पत्र्याची एक शेड आणि गणपतीचे साचे आहेत तो प्रत्येक माणूस कारखानदार असतो. मी मूर्ती करतो, हाताखाली दोन-तीन माणसं आहेत, आणि डोळ्यांची आखणी मात्र मी कुणाला करू देत नाही. ती मीच करतो. एवढीच माझी ऐट.

त्या दिवशी गाडी कुणी हलवली नव्हतीच. टायरमधली हवा रात्रीतून गेली होती, टायर खाली बसला होता आणि त्याच्याबरोबर रेघही. पण ते पुढं येईलच. आधी ताम्हणे कोण, ते सांगितलं पाहिजे.

दिगंबर ताम्हणे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. मी तर म्हणतो, मुलगी बघायला गेले असतील आणि तिलाही तराजूत घालून बघितलं असेल. आयुष्यभर दुकानदारांची वजनं तपासून त्यांचं एक पक्कं मत झालं होतं की जगात पुरतं काहीच मिळत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ताम्हण्यांचं तोंड कधी पोळलं ते मला ठाऊक नव्हतं, पण ताक मात्र ते फुंकून, गाळून आणि आधी मांजराला पाजून प्यायचे. बाजारात ते दिसले की भाजीवाल्या आपल्या तराजूवर पदर टाकायच्या. "नमस्कार साहेब" असं कुणी म्हटलं तर ते आधी त्याच्या हाताकडे बघत.

पेट्रोल पंपावर हे स्वतःचं लिटरचं माप घेऊन जायचे. आधी पेट्रोल मापात, मग मापातून टाकीत. मागे रिक्षावाल्यांचा शंखध्वनी चालू.

"साहेब, मीटर शून्यावर आहे, बघून घ्या," पंपावरचा माणूस काकुळतीला येऊन म्हणायचा.

"शून्यावर आहे ते मला दिसतंय. तुम्ही आवर्जून का सांगताय?"

अशा माणसानं जुनी मोटारसायकल घ्यावी? आणि तीही कसली! नागोठण्याकडच्या एका कंपनीत कुणी परदेशी इंजिनिअर आला होता. काम आटोपून मायदेशी जाताना त्यानं आपली गाडी विकायला काढली. लांबलचक, बुटकी, पसरलेल्या हँडलची. सीट इतकी खाली की बसणारा आरामखुर्चीत पहुडल्यासारखा पाय पुढे टाकून जातो. मागे बसणाऱ्याच्या पाठीला चक्क गादीचा टेकू. मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान पण जाड, भोपळ्यासारखं. क्रूझर म्हणतात असल्या गाडीला, हे मला ताम्हण्यांनीच सांगितलं. पेणच्या रस्त्यावरून ती पहिल्यांदा धडधडत आली तेव्हा लोकांना वाटलं, कुठलातरी सिनेमावाला वाट चुकलाय. बघतात तर वर ताम्हणे, पँटला सायकलची क्लिप लावून.

कोथिंबिरीची जुडी सोडवून मोजणारा माणूस परक्या देशातली वापरलेली गाडी घेतो, म्हणजे काय? आम्ही गल्लीतले लोक चक्रावलो. साध्या स्कूटरवर भागलं असतं. बरं, मागच्या त्या राजेशाही सीटवर पेणात त्यांनी कधी कुणाला बसू दिलं नाही. मी एकदा स्टँडपर्यंत सोडा म्हटलं तर म्हणाले, "टायरला वजन सोसणार नाही." माझं वजन काय हत्तीचं आहे?

गाडीची बडदास्त मात्र बघण्यासारखी. पेणची हवा खारी. खाडी आणि मिठागरं इतकी जवळ की खिडकीचे गज वर्षभरात पापुद्रे सोडतात. आणि या गाडीवर सगळीकडे चकचकीत पत्रा. ताम्हणे रोज खोबरेल तेलाचा बोळा घेऊन तो पुसत बसायचे. आमची ही म्हणायची, "सून आली असती घरात तर तिच्या डोक्याला एवढं तेल मिळालं नसतं." ऑइल स्वतः बदलायचे. रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडल्याशिवाय तो टाकायचे नाहीत, नाहीतर भेसळवाले त्याच डब्यात जळकं ऑइल भरून विकतात म्हणे. असला एक डबा आमच्या हिनं मागून घेतला आणि त्यात अबोली लावली. पाणी निथळायला भोकं आयती होती. तर दुसऱ्या दिवशी हे खिडकीतून डोकावून विचारतात, "वहिनी, अबोलीच लावलीय ना?"

तर अशी ही गाडी दर रविवारी सकाळी रोह्याला जायची आणि दुपार कलली की परत यायची. ऊन असो, थंडी असो, रविवार चुकला नाही.

"रोह्याला काय विशेष?" मी विचारलं.

"पोहे आणायला जातो."

आता रोह्याचे पोहे चांगले असतात हे मान्य. पण इतक्या रविवारांत एक पिशवी काही मी उतरताना पाहिली नाही. संशय हा लागट रोग आहे हो. ताम्हण्यांच्या शेजारी राहून तो मलाही जडला. माणूस दर रविवारी दाढी करून, कपड्यांना इस्त्री करून, गाडी पुसून जातो आणि रिकाम्या हाताने येतो. मीच एक दिवस मनाशी म्हणालो, यात काहीतरी गोम आहे. म्हटलं आणि स्वतःच दचकलो.

मग एके दिवशी आमची ही माहेरच्या एका लग्नाहून परत आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"अहो, ऐकलंत का? तुमच्या ताम्हण्यांना रोह्यात पाहिलं माझ्या मावशीच्या जावेनं. मागे बाई होती!"

"बाई?"

"पंजाबी ड्रेस घातलेली. दोन्हीकडे पाय टाकून बसलेली. हात यांच्या खांद्यावर."

"वय काय असेल?"

"डोक्यावर हेल्मेट होतं. हेल्मेटवरून वय कळतं होय?"

झालं. आता पंचाण्णव साल उजाडलं असलं तरी आमच्याकडे एखादी बाई अशी पुरुषासारखी मोटारसायकलवर बसली की त्याची बातमी तिच्या आधी घरी पोचते. तासाभरात गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्या तराजूवरचा पदर काढून तोंडाला लावून हसत होत्या. ताम्हण्यांना तेवढं माहीत नव्हतं, आणि सांगायची कुणाची छाती नव्हती.

आणि नेमका याच सुमाराला तो टायर बसला. रेघ सरकली त्या सकाळी आम्ही दोघांनी गाडी ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली. त्यानं टायर काढला, उलटा केला आणि ताम्हण्यांच्या नाकासमोर धरला. वरची नक्षी कधीच झिजून गेली होती, आणि एका जागी रबरातून आतले दोरे डोकावत होते.

"साहेब, यावर बसून तुम्ही गाव ओलांडू नका," तो म्हणाला.

ताम्हण्यांनी वाद घातला नाही. हे मला फार विचित्र वाटलं. परत येताना ते एवढंच म्हणाले, "रविवारपर्यंत टायर मिळायला हवा."

"नाही मिळाला तर एस.टी.नं जा. पोहेच तर आणायचेत."

"एस.टी.नं जाऊन उपयोग नाही," ते म्हणाले.

घ्या! अशी कुठली बाई आहे जिला एस.टी.नं गेलेला माणूस चालत नाही? मला रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, तोच विचार. पण त्यांचा चेहरा बघून चेष्टा करवेना. खरंच काहीतरी अडलं होतं त्यांचं. टायर नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर रविवार नाही, इतकं मला कळत होतं.

त्या चाकाच्या मापाचा टायर काही पेणात कुणाकडे नव्हता. एका दुकानदारानं सल्ला दिला, "जीपचा बसवून टाका." ताम्हण्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आपला काटा लपवायला आत गेला. मग मुंबईच्या एका व्यापाऱ्याला फोन केला. त्यानं ट्रान्सपोर्टनं टायर धाडला. काळाभोर, नव्याकोऱ्या नक्षीचा. मी म्हटलं, वाजवा घंटा. ताम्हण्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून टायरवर घासला. रुमाल काळा. मग खाचेत नख घातलं. झिजलेल्या टायरवर गरम सुरीनं नव्या खाचा कोरून वर पॉलिश मारलं होतं. टायर आल्या वाटेनं परत गेला. रविवारही गेला. हे एस.टी.नं जाऊन आले आणि आल्यावर दार लावून बसले.

दुसऱ्या व्यापाऱ्याचा टायर मलाही खरा वाटला. रुमाल पांढराच राहिला. पण ताम्हणे त्याच्या बाजूवरचे बारीक आकडे वाचत बसले.

"टायर कुठल्या आठवड्यात केला त्याचे हे दोन आकडे. आणि वर्षाचा हा एक. चार."

"म्हणजे चौऱ्याण्णव. ताजाच आहे की."

"चौऱ्याण्णव कशावरून? चौऱ्याऐंशीचाही शेवटचा आकडा चारच."

"अहो, कुणी दहा वर्षं टायर जपून ठेवतं का?"

"तुम्ही व्यापाऱ्याच्या बाजूनं का बोलताय?"

माझं डोकं फिरलं. "ताम्हणे, तुम्ही टायर घेताय की जावई शोधताय?"

"जावई वाईट निघाला तर मुलगी निदान घरी परत येते," ते शांतपणे म्हणाले. "टायर वाईट निघाला तर मागे बसलेलं माणूस परत येत नाही."

मागे बसलेलं माणूस! आता तर तोंडानंच कबूल झालं. मी मनात हिशोब मांडून ठेवला. तोही टायर गेला, पुढचाही रविवार गेला. ताम्हण्यांची दाढी वाढली. गाडी पुसायचा बोळा तीन दिवस कोरडा पडलेला मी पाहिला.

शेवटी टायर सापडला तो गडब गावात, आणि तोही मला. रंगाचे डबे घेऊन टेम्पोतून येत होतो. हायवेच्या कडेला हिराजी म्हात्र्याचं टायरचं दुकान आहे. ट्रकचे टायर, ट्यूबा, पाण्याची टाकी आणि आत खाटेवर हिराजी. त्याच्या दुकानात वर, छपराच्या वाशाला, एक जाड बुटका टायर टांगलेला दिसला. मी ओळखलाच. घरी येऊन ताम्हण्यांना उचललं आणि स्कूटरवर घालून परत गडब गाठलं.

हिराजीनं ताम्हण्यांना ओळखलं. कुठल्याशा बाजाराच्या दिवशी साहेबांनी त्याच्या मेहुण्याचा तराजू उचलून नेला होता म्हणे. धाडच पडली असं समजून तो खाटेवर ताठ झाला.

"टायर आहे?" ताम्हण्यांनी विचारलं.

"नाय."

"मग तो वर काय टांगलाय?"

"टायर हाय. पन इकाचा नाय."

"का विकायचा नाही?"

"तुमाला कशाला पायजे?"

"मोटारसायकलला."

हिराजी हसला. "मोटारसायकलला? यवढा जाडा? साहेब, मी गडबचा हाय, येडा नाय. काय तपासाला आलाव ते सरळ सांगा."

"तुला टायर विकायचा नाही यात काहीतरी गोम आहे," ताम्हणे म्हणाले.

"तुमाला घ्याचाच हाय यात गोम हाय," हिराजी म्हणाला.

शेरास सव्वाशेर! एवढी वर्षं शेजारी राहिलो पण ताम्हण्यांच्या चेहऱ्यावर आनंद असा मी तेव्हाच पाहिला. इतका संशयी माणूस फसवणारा नसतो, असं काहीतरी त्यांच्या मनानं घेतलं असावं. मग काय विचारता! गाडी टेम्पोत घालून गडबला आणली. हिराजीनं आधी गाडीचे कागद मागितले. ते उलटेसुलटे वाचले. चाकाला दोरी लावून घेर मापला. टायर भंगाराच्या लिलावातून आला होता, जहाजातून उतरलेला, न वापरलेला. ताम्हण्यांनी रुमाल घासला, नख घातलं, टायर वाकवून आतून बघितला, शेवटी नाक लावून वास घेतला. आकड्यांच्या पुढे एक बारीकसा त्रिकोण होता. तो नव्वदनंतरच्या टायरवर असतो असं त्यांनी कुठूनतरी विचारून ठेवलं होतं. हिराजीनं किंमत सांगितली ती त्यांना कमी वाटली. "इतका स्वस्त का?" तेव्हा हिराजीनं ती वाढवली आणि ताम्हण्यांचा जीव भांड्यात पडला. मी कपाळावर हात मारला.

"बसवनार मीच," हिराजी म्हणाला. "तुमी कुठं दुसरीकडं बसवाल, वाकडा बसंल, नि मग माझ्या नावानं बोंब माराल."

त्यानं टायरवरचा बाण चाकाच्या फिरण्याकडे येतो का ते दोनदा बघितलं. ताम्हण्यांनी तिसऱ्यांदा बघितलं. ट्यूब पाण्यात बुडवून दोघंही बुडबुड्यांची वाट बघत बसले. एकही आला नाही, तर दोघांचे चेहरे पडले.

मला वाटलं, सुटलो. पण शनिवारी संध्याकाळी ताम्हणे दारात. हातात टोपी नव्हती म्हणून, नाहीतर ती चुरगळत उभे राहिले असते.

"कारखानदार, उद्या रोह्याला येता का? स्कूटर घेऊन."

माझ्या हातातला कुंचला थांबला. "मी? कशाला?"

"टायर फिरताना डुगडुगतो का ते गाडी चालवणाऱ्याला दिसत नाही. मागून येणाऱ्याला दिसतं. माणूस हवा."

"मग हिराजीला न्या. नाहीतर कुणालाही सांगा."

"कुणीही म्हणेल, हो हो, ठीक आहे. तुमचं तसं नाही. मूर्तीच्या दोन डोळ्यांत केसाएवढा फरक पडला तर तुम्ही रंग खरवडून पुन्हा आखता. मी खिडकीतून बघितलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही फक्त टायर बघा. बाकी जे दिसेल ते पेणात आणू नका."

मी टायर बघायला चाललोय असं हिला सांगितलं. ती म्हणाली, "टायर नीट बघा. आणि ती दिसायला कशी आहे तेही बघा."

सकाळी निघालो. वडखळ गेलं, गडब गेलं, कासू गेलं. मी मान खाली घालून टायरवर नजर लावून चाललो होतो, तर नागोठण्याला गाडी थांबवून हे म्हणतात, "आत्ता बघू नका. रिकाम्या तराजूवर काटा कशाला बघायचा? वजन बसल्यावर बघायचं."

रोह्यात एका जुन्या गल्लीत शिरलो. एका घराच्या ओट्यावर लाकडी खुर्ची होती आणि खुर्चीत ती बसली होती. फिकट निळा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट गाठ मारून, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्यावर हेल्मेट. हात मांडीवर ठेवून, रस्त्याच्या टोकाकडे बघत. मोटारसायकल दिसताच तिनं हेल्मेट काढलं. खाली सगळे पांढरे केस, सुपारीएवढा अंबाडा आणि जाड भिंगांचा चष्मा.

"माझी थोरली बहीण," ताम्हणे म्हणाले. "माई."

बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"हे कोण, दिगू?"

"शेजारी. टायर बघायला आलेत."

"टायर बघायला? पेणहून? यात काहीतरी गोम आहे."

म्हणजे घराणंच तसलं!

माई पासष्टीच्या पुढे होत्या. रोह्यात मुलींना शिकवून निवृत्त झालेल्या, गुडघे पार गेलेले. काठी टेकत ओट्यावरून उतरल्या. ताम्हणे गाडीवर बसून, दोन्ही पाय जमिनीत रोवून समोर बघत राहिले. मी धरायला पुढे झालो तर ताम्हण्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. माईंनी टेकूला धरलं, हळूच एक पाय त्या बुटक्या सीटवरून पलीकडे सरकवला, "आई गं" म्हणाल्या आणि बसल्या. काठी माझ्या हातात दिली, जशी काही मी त्यासाठीच आलो होतो. मग हेल्मेट पुन्हा घालून पट्टा लावला आणि भावाच्या खांद्यावर टिचकी मारली.

गाडी निघाली. मागून मी. गल्ली संपली, उजवीकडे वळायचं होतं, तर माईंचा उजवा हात आडवा बाहेर आला. ताठ, कोपर न वाकवता, बोटं जुळवून. वळण संपेपर्यंत तसाच. पुढे बैलगाडी आली तर हात वरखाली झाला, सावकाश असं मागच्यांना सांगत. गाडीला दिवे होते, ते ताम्हणे लावतही होते. पण माई प्रत्येक वळणाला हात दाखवत होत्या, गाडी आपणच चालवत असल्यासारख्या. एका एस.टी.च्या ड्रायव्हरनं तो हात बघून मुकाट्यानं वेग कमी केला.

निडीला स्टेशनाजवळ झाडाखाली थांबलो. माई काही उतरल्या नाहीत, उतरलं की पुन्हा चढायचं. त्या गाडीवरच बसून रूळ बघत राहिल्या. ताम्हणे आणि मी पाणी आणायला जरा पुढे गेलो.

"माझ्या लहानपणी ती बाबांची सायकल घेऊन इथपर्यंत यायची," ते म्हणाले. "मला दांडीवर बसवून. असाच हात दाखवायची, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी. एका सज्जनानं बाबांना विचारलं, तुमची मुलगी निडीला कुणाला भेटायला जाते? कुणाला भेटणार हो? सायकल चालवायला जायची ती. पण विचारलं ना त्यानं. बाबांनी सायकल विकली. मग तेच बोलणं फिरत राहिलं. आलेली स्थळंही त्यानंच परत गेली. मग ती शिकली, मला शिकवलं."

मी पाणपोईच्या घागरीतून पाणी घेत होतो, घेतच राहिलो. आमच्या गल्लीत तासाभरात फिरलेली ती बातमी आठवली आणि मान वर करवेना.

"टायर नव्हता ते रविवार फार वाईट गेले," ताम्हणे म्हणाले. "मी एस.टी.नं यायचो. ही ड्रेस घालून, बूट घालून तयार. मी स्टँडवरून चालत येताना दिसलो की हेल्मेट काढून ठेवायची. आत जायची, साडी नेसून यायची आणि चहा टाकायची."

पन्नाशीचा हा माणूस रुमाल काढून चष्मा पुसतोय, आणि याला आम्ही काय काय म्हटलं होतं! मी फक्त म्हणालो, "चला, माई वाट बघतायत."

परत रोह्यात आलो. माई उतरल्या, माझ्याकडून काठी घेतली, "स्कूटरचा हॉर्न फार वाजवता तुम्ही" असं सुनावलं आणि आत चहा टाकायला गेल्या. पंजाबी ड्रेसमध्येच. ताम्हणे माझ्याकडे वळले.

"कसा चालला टायर?"

टायर! अरे देवा! जाताना आणि येताना मी बघत होतो तो माईंचा हात. टायर गोल होता का चौकोनी, हेही मला सांगता आलं नसतं.

"एकदम सुतात," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता विचारणार, कितव्या वळणाला बघितलं, खड्ड्यात बघितलं का, तुम्ही इतक्या चटकन का सांगितलंत. गोम काढणारच.

"बरं झालं," ते म्हणाले. खाली वाकले नाहीत, चाकाला हात लावला नाही. माझ्या शब्दावर आत निघून गेले.

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. आखणी करायला बसलो की डोळ्यांसमोर चाक. पुढच्या रविवारी मी न बोलावता स्कूटर बाहेर काढली. "आज परत रोहा?" असं म्हणत आमची ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती मला नीट ओळखीची होती. म्हटलं, पोहे आणतो.

माई मागे बसल्या आणि रोह्याच्या वेशीपासून मी मान खाली घातली ती घातली. या वेळी डोळे टायरवरून हलू दिले नाहीत. खड्ड्यात बघितला, वळणावर बघितला, उतारावर बघितला. टायर सुतात होता. केसाएवढाही फरक नव्हता. मग मी मान वर केली.

समोर मोकळा सरळ रस्ता होता. माईंचा हात बाहेर आला आणि मागून पुढे, मागून पुढे हलला. रस्ता मोकळा आहे, खुशाल पुढे जा, असं त्या मला सांगत होत्या.

मी गेलो नाही. मागेच राहिलो.